दुपारी एक ते चार

आमच्या गिरणीच्या शटरवर एक पाटी आहे. ‘दुपारी 1 ते 4 गिरणी बंद राहील.’ आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती स्वतःच्या हाताने रंगवलेली. उन्हाने अक्षरं फिकी पडलीत, ‘राहील’ तर जवळजवळ दिसत नाही. गेल्या महिन्यात एक मुलगा त्या पाटीचा फोटो काढत होता. मी आतून शटरखालच्या फटीतून त्याचे बूट पाहिले, हसणं ऐकलं. पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारच्या झोपेवरचे विनोद मला सगळे पाठ आहेत. मला त्यांचा राग येत नाही, पण हसूही येत नाही. त्या तीन तासांत माझ्या आयुष्यातलं बरंच काही झालंय. ते आज लिहून काढते.

आमची गिरणी नारायण पेठेत आहे, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आबा याच जागी दुसऱ्याच्या गिरणीत हाताखाली कामाला होते. वय वर्षं एकोणीस. पाणी ओसरल्यावर ते परत आले तर मोटर गाळात, पट्टा कुठे गेला पत्ता नाही, आणि पोत्यांतला गहू फुगून पोती उसवलेली. आबा सांगायचे, चिखलाचा वास आठ दिवसांत गेला, आंबलेल्या धान्याचा गेला नाही. मूळ मालकांनी हाय खाल्ली. तीन वर्षांनी आबांनी कर्ज काढून ती जागा घेतली. दगड मात्र तेच ठेवले, पुरातले. “दगडाला पुराचं काय,” म्हणायचे.

मी 1993 साली लग्न होऊन या घरात आले. मुळशीकडची मुलगी, बारावी झालेली, पेठेतल्या दोन खोल्यांच्या संसारात. नवरा नोकरीला, त्याला गिरणीत रस नव्हता. आबांनी पहिल्याच आठवड्यात मला गिरणीत नेलं आणि कापडी बाहीतून पडणारं पीठ माझ्या चिमटीत दिलं. “काय वाटतं?” मी म्हटलं, “गरम.” ते म्हणाले, “बरोबर. इतकं गरम नको.” त्यांनी चाक किंचित फिरवून वरचा दगड ढिला केला. पुन्हा चिमूट दिली. आवाजही बदलला होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळायला दोन वर्षं लागली.

दळणाचं काम बाहेरून अगदी साधं दिसतं. वरून धान्य ओता, खालून पीठ घ्या. माझी 10 हॉर्सपॉवरची मोटर आणि 16 इंची दगड पाचेक मिनिटांत पाच किलो गहू उतरवतात. पण दगड जास्त आवळले तर पीठ तापतं, करपल्यासारखा वास येतो आणि पोळी रबरासारखी होते. ज्वारीचं पीठ तापलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, बाई घरी स्वतःला दोष देते, आणि चूक असते माझी. बाजरी तेलकट. ती दळली की पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं, म्हणून बाजरी खाणारी माणसं थोडं थोडं दळण घेऊन सारखी येतात. चकलीची भाजणी वेगळी, थालीपिठाची वेगळी. मोदकाच्या पिठीला आधी दगडातलं सगळं जुनं पीठ झटकून घ्यावं लागतं, नाहीतर पांढऱ्याशुभ्र पिठीत बेसनाची पिवळी झाक येते आणि गणपतीच्या आदल्या दिवशी एखादी गृहिणी माझ्यासमोर रडवेली उभी राहते. उपासाचं दळण सकाळी पहिलं. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, असं लावून घ्यायचं. कोणाचा डबा कुठे लावायचा याचं एक गणित दिवसभर डोक्यात चालू असतं आणि ते जमलं की छातीत जो निवांतपणा वाटतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

गिरणी उघडते सकाळी साडेसहाला, बंद होते रात्री साडेआठला. मधले तीन तास वजा केले तरी अकरा तास होतात. दुपारी मोटर गार व्हायला हवी, दगड गार व्हायला हवेत. ते कारण खरंच आहे. पण आबांचं कारण वेगळं होतं. ते जेवायचे, वीस मिनिटं पडायचे, मग कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे. पंचाने कोरडे करायचे. मग पुस्तक उघडायचे. सातवी शिकलेला माणूस, पण 1848 पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिराचा सभासद. पुस्तक आणलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर, कारण पिठाच्या घरात कसर लागते, आणि दुसऱ्याच्या पुस्तकाला आपल्या घरची कसर लागू नये. पावणेचारला खूण घालून ठेवायचे. चारला शटर वर. त्यांना मी कधी “वेळ नाही” म्हणताना ऐकलं नाही, आणि “वेळ जात नाही” असंही नाही.

आबा 2011 मध्ये गेले. एक ते चार मग माझे झाले.

पहिली काही वर्षं मी त्या वेळात शिवणटिपण केलं, लेकीचा अभ्यास घेतला, कधी नुसती पडून राहिले. मग स्मार्टफोन आला आणि इंटरनेट स्वस्त झालं. मी कोणाला दोष देत नाही, फोन माझाच होता आणि अंगठाही माझाच. पण 2017 ते 2019 या दोन वर्षांतली एकही दुपार मला आठवत नाही. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. पाककृतीचे व्हिडिओ पाहिले असतील, भांडणं पाहिली असतील, कुठल्यातरी देशातल्या बायका गालिचे धुताना पाहिल्या, ते तेवढं लक्षात आहे. डोळे दुखायचे. चारला शटर उघडताना मी सकाळपेक्षा जास्त दमलेली असायची. गिऱ्हाईक विचारायचं, “झोप झाली का वहिनी?” मी हो म्हणायची, आणि ते खोटं असायचं.

सकाळच्या साडेसहा तासांत मी दीडेकशे किलो धान्य दळलेलं असायचं. त्यातला डबा न् डबा मला सांगता यायचा: कोणाचा, किती, जाड की बारीक. आणि तीन तासांची विश्रांती मात्र हाताला काही न लागता निघून जायची. कामाची आठवण राहते आणि सवडीची राहत नाही, हे मला तेव्हा फार लागलं. उलट असेल असं मला वाटायचं.

लेक हिंजवडीला एका कंपनीत आहे. 2020 च्या टाळेबंदीत ती घरून काम करायची, आमच्या बाहेरच्या खोलीत, गिरणीच्या भिंतीला पाठ लावून. गिरणी अत्यावश्यक सेवेत, म्हणून चालू. मीटिंग सुरू झाली की ती भिंतीवर दोनदा ठोकायची आणि मी मोटर बंद करायची. त्या दिवसांत मी तिचं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं. एकदा तिने रात्री जागून काहीतरी लिहिलं. रोज चार तास चालणारं एक काम त्यामुळे दहा मिनिटांत होऊ लागलं. केवढी खूश होती ती! मी तिला शिरा करून घातला. मला वाटलं, आता रोज पावणेचार तास माझी पोर मोकळी. पंधरा दिवसांनी पाहिलं तर ती आधीपेक्षा उशिरा जेवत होती. मी विचारलं तर म्हणाली, “आई, वेळ वाचला ना, म्हणून अजून दोन कामं दिली.” तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. तिच्याकडे असंच असतं.

त्याच काळात तिने माझ्या गिरणीचंही सोपं करून दिलं. गर्दी टाळायची होती, ती गरजच होती. तिने व्हॉट्सॲपवर वेळा लावून दिल्या. माणसाने डबा ठेवायचा, नाव-नंबर चिकटवायचा, निघून जायचं, दिलेल्या वेळेला येऊन न्यायचा. पैसे स्कॅन करून. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे एक मुलगा सायकलवर डबा पोचवायचा. फार सुबक होतं सगळं. टाळेबंदी उठल्यावरही आम्ही तेच चालू ठेवलं, कारण त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एक नर्स रात्रपाळी करून परस्पर डबा ठेवून जायची, तिचा अर्धा तास वाचायचा. नोकरी करणारी जोडपी दुवा द्यायची. रांग संपली. बाकावर कोणी बसेना, म्हणून मी बाक आत घेतला आणि त्यावर रिकामे डबे रचले.

साधारण वर्षभराने एका आजींचा फोन आला. पेठेतल्याच, वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. आठवड्यातून तीनदा किलो-किलो ज्वारी दळायच्या. इतकं थोडं कशाला, एकदाच तीन किलो आणा, असं मी पूर्वी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल. फोनवर म्हणाल्या, “अगं, त्या मुलाला पाठवू नकोस उद्यापासून.” मी घाबरले. पीठ बिघडलं का, मुलगा काही बोलला का. म्हणाल्या, “पीठ उत्तम आहे. पण मी ज्वारीसाठी येत होते असं वाटलं होय तुला?”

मी दळण घालता घालता दिवसभर ते वाक्य मनात फिरवलं. त्या बाकावर काय काय व्हायचं ते आठवत गेलं. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाची मुलाखत, शेजारच्या भाडेकरू विद्यार्थ्याला पहिल्यांदा भाजणी कशी भाजायची ते चार बायकांनी चार प्रकारे सांगितलेलं. भांडणंही व्हायची, नंबरावरून. मोटरच्या आवाजात बोलायचं म्हणून सगळ्यांचे आवाज चढलेले. मी त्याला आजवर ‘खोळंबा’ म्हणत होते. लेकही तेच म्हणाली होती आणि त्यावर तिने इलाज केला होता. तिचं काहीच चुकलं नाही. मी तिला रोग चुकीचा सांगितला होता.

मी बाक बाहेर काढला. आता सकाळी अकरापर्यंत वेळा लावलेलं दळण, नर्सबाईंसाठी आणि नोकरदारांसाठी. संध्याकाळी पाचनंतर पूर्वीसारखं, येईल त्याने बसावं. लेकीला सुरुवातीला हे पटलं नाही. “संध्याकाळी कोण थांबणार आहे?” म्हणाली. रोज तीन-चार जण थांबतात. कधी कोणीच नसतं. आजी किलोभर ज्वारी घेऊन येतात, आठवड्यातून तीनदा. मी आता एकदाच आणा म्हणत नाही.

हे झालं तेव्हा मला माझ्या आजीची फार आठवण यायला लागली. आईची आई, मुळशी तालुक्यातली. तिची आई धरणात गेलेल्या एका गावची. 1921 पासून सेनापती बापटांनी ज्या गावांसाठी धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह केला, त्यांपैकी. धरण झालंच. त्या पाण्यावर खाली भिऱ्याला वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. आजीच्या गावात दिवा लागायला त्यानंतर कितीतरी वर्षं जावी लागली. मी रोज सकाळी मोटरचं बटण दाबते तेव्हा दर वेळी नाही, पण कधीकधी हे मनात येतं.

आजी पहाटे तीनला उठून दळायची. दहा माणसांच्या भाकरीचं. तिची मोठी जाऊ समोर, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, घालायची. मी पाच-सहा वर्षांची असताना सुट्टीत गेले की तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायची आणि जात्याची घरघर मांडीतून कानात यायची. गात असायच्या दोघी. मग गावात गिरणी आली. इंजिनावरची, खडकीला कारखाना असलेल्या किर्लोस्करांचं इंजिन होतं ते. त्याचं पुक-पुक शेजारच्या वाडीपर्यंत जायचं. मी मोठी झाल्यावर आजीला एकदा विचारलं, गिरणी आल्यावर तुला वाईट वाटलं का गं, जातं सुटलं म्हणून. मला वाटलं होतं ती हळहळेल. ती म्हणाली, “वाईट? आगं, झोप मिळाली मला. सोळाव्या वर्सापासनं पहिल्यांदा उजाडलेलं बघून उठले.”

हे मी मुद्दाम लिहितेय. जात्याचे गोडवे गाणारे लोक गिरणीत येतात, दगडाचं पीठ, जुनं ते सोनं, वगैरे. त्यांच्या आजीचे तळहात त्यांनी पाहिले नसतील. मी माझ्या आजीचे पाहिलेत. जातं गेलं ते चांगलं झालं. मी त्या बाजूची बाई आहे, माझं पोट त्यावर आहे.

पण आजीने थोडं थांबून असंही म्हटलं होतं, “जाऊबाईसंगं बोलनं मात्र मग कुटं व्हईना.”

गाणी जात्याबरोबर गेली. कोणी बंद केली नाहीत. ती हाताच्या फेऱ्याला बांधलेली होती, फेरा थांबला आणि ती थांबली. चुलीपुढे बसून ओवी येत नाही, म्हणायची आजी, मी आग्रह केला की. तोंडाशी यायची आणि पुढची ओळ सापडायची नाही.

2022 च्या पावसाळ्यात लेकीने मला फोनवर एक दुवा पाठवला. त्याच फोनवर, ज्याने माझ्या दोन वर्षांच्या दुपारी खाल्ल्या होत्या. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि फ्रान्समधून आलेले गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. त्यांतल्या बऱ्याच आता ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. कितीतरी आमच्या मुळशीतल्या. मी दुपारी दीड वाजता, बंद शटरच्या आत, कानात बोंडं घालून ते लावलं. आधी जात्याचा आवाज आला. मग आवाज चढवून एक बाई गायला लागली आणि दुसरीने ओळ उचलली. मी उठून उभी राहिले. का ते सांगता येणार नाही. बसून ऐकणं बरं वाटेना.

त्या ओव्यांत देव आहे, भाऊ आहे, आई आहे. आणि तक्रार किती आहे! नवऱ्याची, सासूची, कामाची, भुकेची. सगळं घर झोपलेलं असताना दोन बाया अंधारात जे कोणाला सांगता येत नाही ते दगडाला सांगत होत्या. काम कष्टाचं होतं, पण त्या कामाच्या पोटात त्यांनी स्वतःची एक जागा करून घेतली होती. यंत्राने कष्ट उचलले तेव्हा ती जागाही सोबत गेली. आणि जे वाचलेले तास आले त्यांत ती आपोआप परत तयार झाली नाही. माझ्या लेकीचे पावणेचार तास आणि माझ्या दोन वर्षांच्या दुपारी यांचं काय झालं ते मला त्या दिवशी उमगलं. वेळ मिळतो, हे खरं. पण मिळालेला वेळ ओट्यावर सांडलेल्या पिठासारखा असतो. कोणीतरी लगेच येऊन पुसून नेतं.

त्या दुपारी मी हात धुतले. कोपरापर्यंत, आबांसारखे. आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर आजीच्या आठवतील त्या ओव्या लिहायला बसले. पहिल्या दिवशी एक आली, तीही अर्धी. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी बसून जमेना म्हणून मी उभी राहिले आणि बंद मोटरच्या पट्ट्याच्या चाकावर हात ठेवून ते हाताने हळूहळू फिरवायला लागले. तेव्हा ही आली, अख्खी:

दळण दळीते, पीठ पडतं पांढरं
बया तुझ्या माहेराची पाण्याखाली गेली घरं

गावाच्या वस्तीच्या जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. आजीला ते अभिप्रेत होतं की नुसतं यमक जुळलं, आता विचारायला ती नाही. पण चाळीस वर्षं हे माझ्या आत कुठेतरी पडून होतं आणि हात फिरल्याशिवाय वर आलं नाही.

अजून एक, ही आजीची आवडती असणार, कारण ती म्हणताना जाऊ हसायची:

जात्या तुझा खुंटा, माझ्या हाताला पडं घट्टा
सांगाया जाते तर नणंद म्हणे करती थट्टा

आजपर्यंत त्रेचाळीस झाल्यात. काही आजीच्या, काही मी ऐकलेल्या पण कोणाच्या ते नक्की नाही, आणि हे लिहायला मला संकोच वाटतो, पण पाच-सहा माझ्या आहेत. गिरणीवरच्या. एकीत लेकीच्या लॅपटॉपचाही उल्लेख आहे. त्या इथे देत नाही. त्या अजून बारीक दळायच्यात.

लेक आता रोज कंपनीत जाते, हिंजवडीची बस पकडून. परवा रात्री तिने मला विचारलं, “आई, तुझ्या कामाचा तुला कंटाळा नाही का येत? तीस वर्षं तेच.” मी म्हटलं, येतो ना. मार्च-एप्रिलमध्ये पापड-कुरडयांचं दळण संपता संपत नाही, पंखा गरम वारा फेकतो, तेव्हा भरपूर येतो. मग तिने विचारलं की ती नेमकं कशाचं काम करते ते तिला कोणाला सांगता येत नाही, तर त्याचा मलाही त्रास होतो का. मला उत्तर सुचलं नाही. मी तिच्या कामातलं जाणत नाही आणि जाणत नसताना शहाणपण सांगायचं नाही, हे आबांकडून शिकलेय. एवढंच विचारलं, “तुझ्याकडे असं काही आहे का, जे तू चिमटीत धरून सांगू शकतेस की आज बरोबर उतरलंय?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, कधीकधी एखादं पान तिने लिहिलेलं इतकं नीट असतं की दुसऱ्याला न विचारता कळतं. ते कोणी बघत नाही, पण ती दोनदा वाचते. मी म्हटलं, मग ते दोनदा वाचणं सोडू नकोस. कोणी वेळ वाचवायला सांगितलं तरी.

ती पुढे काही बोलली नाही. पण सकाळी डबा भरताना म्हणाली, दुपारचं जेवण आता ती संगणकासमोर बसून जेवत नाही, खाली झाडाखाली जाते. किती दिवस टिकेल माहीत नाही. मी काही बोलले नाही.

काल गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी बऱ्याचदा वीज जाते, म्हणून दगडाला टाकी लावायचं काम आबांनी गुरुवारी ठरवलेलं. मी वरचा दगड उतरवायला शेजारच्या रद्दीवाल्याला हाक मारते, तो एकट्या बाईच्याने निघत नाही. मग नाकाला फडकं, डोळ्याला चष्मा, हातात टाकी आणि हातोडी. दळून दळून गुळगुळीत झालेल्या खाचा पुन्हा खोल करायच्या. मधून कडेकडे, सगळ्या एका तिरकसपणात. घाव जोरात नको, नाहीतर टवका उडतो. हलका आणि सारखा. दोन-अडीच तास लागतात. त्या ठोक्यावर काल एक ओळ आली, दुसरी येते न येते तोच वीज आली आणि पंखा फिरायला लागला. मी उठून बटण बंद केलं आणि परत बसले.

टाकी लावल्यावर पहिलं पीठ खायचं नसतं, त्यात दगडाची कचकच असते. मी हलका गहू घालून ते काढून टाकते. मग दुसरं, ते चिमटीत घेऊन दाताखाली धरून बघते. कचकच गेली की झालं.

पाचला आजी आल्या, हातात किलोचा डबा. बाकावर टेकल्या, श्वास घेतला, आणि मोटर सुरू झाल्यावर कान देऊन म्हणाल्या, “आज टाकी लावलीस ना गं? आवाज निराळाय.”